सीमेवरचा नाका आणि मनाची झडती

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



जकातनाका ही संस्था आपल्या समाजाला नवी नाही. माल नाक्यावर आला की गोणी उघडायची, मोजमाप करायचे, जकात भरून घ्यायची आणि वाट मोकळी करून द्यायची, हा व्यवहार राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. गोणी उघडण्याच्या नाकेदाराच्या अधिकाराबद्दल लोकांनी फारशी कुरकुर कधी केली नाही. कुरकुर झाली ती त्याच्या हावेबद्दल. परंतु उद्या हाच नाकेदार गोणी बाजूला ठेवून वाटसरूच्या घरातली पत्रे वाचू लागला, त्याची रोजनिशी चाळू लागला, त्याच्या मुलाबाळांची छायाचित्रे, वैद्याने दिलेले कागद आणि मित्रांशी झालेली बोलणी तपासू लागला, तर त्याला जकातवसुली म्हणता येईल काय? अमेरिकेच्या विमानतळांवर आणि सीमाचौक्यांवर गेली वीस वर्षे या प्रश्नावर न्यायालयीन झुंज चालू आहे. प्रवाशाचा लॅपटॉप आणि मोबाईल हे सामान मानायचे की घर मानायचे, हा त्या झुंजीचा गाभा आहे.

तेथील पद्धत अशी आहे. विमानातून उतरलेल्या प्रवाशाला अधिकारी बाजूला घेतो, यंत्र मागतो आणि ते उघडण्याचा परवलीचा शब्द मागतो. साध्या झडतीत अधिकारी यंत्र हातात घेऊन त्यातील मजकूर चाळतो. प्रगत झडतीत ते दुसऱ्या यंत्राला जोडून त्यातील साठा तपासला जातो, आणि हवा तर त्याची नक्कलही काढून घेतली जाते. अमेरिकन सीमाशुल्क आणि सीमासंरक्षण खात्याच्या स्वतःच्या आकड्यांनुसार २०१५ या आर्थिक वर्षात अशा ८,५०३ झडत्या झाल्या. २०१७ मध्ये हा आकडा ३०,२०० वर गेला आणि २०२४ मध्ये ४७,०४७ वर. खाते सांगते की, २०२४ मध्ये ४२ कोटींहून अधिक लोकांनी सीमा ओलांडली. त्यांच्या तुलनेत हे प्रमाण नगण्य आहे. गणित बरोबर आहे. पण स्वातंत्र्याचा हिशेब शेकडेवारीने होत नसतो. वीस घरांपैकी एकाच घराचे दार पोलिसाने लाथेने उघडले, म्हणून उरलेली एकोणीस घरे सुरक्षित ठरत नाहीत. एकोणिसांनाही त्या रात्री झोप लागत नाही.

२०१७ च्या जानेवारीतले एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील एक अभियंता चिलीहून ह्यूस्टनला परतला. जन्माने अमेरिकन, सरकारनेच विश्वासू प्रवासी म्हणून आगाऊ पडताळणी करून घेतलेला. त्याच्याकडचा मोबाईल प्रयोगशाळेच्या मालकीचा होता आणि तसे त्याने सांगितलेही. तरीही तो उघडण्याचा आकडा त्याच्याकडून घेण्यात आला, यंत्र दुसऱ्या खोलीत नेण्यात आले आणि काही वेळाने परत देण्यात आले. त्याच्यावर कोणताही आरोप नव्हता. संशय कशाचा होता, हेही त्याला सांगण्यात आले नाही. ज्याची चौकशी पूर्वीच होऊन गेलेली आहे अशा नागरिकाची ही स्थिती, तर बाकीच्यांची काय असेल, याची कल्पना करता येते.

हक्काचा जन्म जकातदारांविरुद्धच

या वादाचा खरा अर्थ समजण्यासाठी अडीचशे वर्षे मागे जावे लागते. इंग्रजी राजवटीत अमेरिकेतील वसाहतींमध्ये जकात अधिकाऱ्यांना एक विशेष फर्मान मिळत असे. ते हाती असले की चोरटा माल शोधण्यासाठी कोणत्याही घरात, कोणत्याही वखारीत शिरता येई. कोणाचे घर, कोणता माल, कशावरून संशय, यातले काहीही त्या कागदावर लिहिलेले नसे. राजा हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर सहा महिने ते चालत असे. १७६० मध्ये दुसरा जॉर्ज मरण पावला आणि नवी फर्माने काढण्याची वेळ आली, तेव्हा बोस्टनचे व्यापारी न्यायालयात गेले. १७६१ च्या फेब्रुवारीत जेम्स ओटिस या वकिलाने त्यांची बाजू मांडली. सरकारी वकिलाचे पद सोडून तो या बाजूला आलेला होता. व्यापारी खटला हरले. परंतु न्यायालयात बसून ते भाषण ऐकणाऱ्या पंचवीस वर्षांच्या जॉन ॲडम्सने पुढे म्हातारपणी लिहून ठेवले की, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जन्म त्या दालनात झाला.

अमेरिकन राज्यघटनेची चौथी दुरुस्ती १७९१ मध्ये अमलात आली. नागरिकाची, त्याच्या घराची, कागदपत्रांची आणि चीजवस्तूंची अवाजवी झडती होणार नाही, आणि सबळ कारण शपथेवर सांगितल्याशिवाय वॉरंट निघणार नाही, हे तिचे सार. या दुरुस्तीमागे जकात अधिकाऱ्यांच्या अनिर्बंध झडत्यांविषयीचा संताप होता. आज त्याच जकात अधिकाऱ्यांचे वारस विमानतळावर उभे राहून सांगतात की, ही दुरुस्ती आमच्या दारापर्यंत पोहोचत नाही. इतिहासाने केलेली यापेक्षा कडू थट्टा शोधून सापडणार नाही.

सरकारची बाजू मांडणारे १७८९ च्या कायद्याकडे बोट दाखवतात. ज्या काँग्रेसने हक्कांची सनद राज्यांपुढे ठेवली, तिनेच त्याच्या दोन महिने आधी, ३१ जुलै १७८९ रोजी, पहिला सीमाशुल्क कायदा केला आणि अधिकाऱ्यांना जहाजांची झडती घेण्याचे पूर्ण अधिकार दिले. तेव्हा सीमेवरच्या झडतीला वॉरंट लागत नाही, हे घटनाकारांनाच मान्य होते, असा हा युक्तिवाद आहे. तो वजनदार आहे, यात शंका नाही. पण तो करणारे कायद्याचे अर्धेच कलम वाचून दाखवतात. जहाजावर चढण्यासाठीसुद्धा, शुल्कपात्र माल दडवलेला आहे असा संशय घेण्यास कारण हवे, असे त्या कलमात म्हटलेले आहे. आणि माल एखाद्या राहत्या घरात किंवा कोठारात दडवला असल्याचा संशय असेल, तर अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर अर्ज करून वॉरंट मिळवले पाहिजे, असेही त्याच कलमात आहे. म्हणजे पहिल्याच कायद्याने जहाज आणि घर यांत भेद केला होता. जहाजात माल असतो आणि घरात माणूस राहतो, एवढी जाण त्या काळच्या कायदेकर्त्यांना होती. तेव्हा आजच्या प्रवाशाच्या पिशवीतले यंत्र या दोहोंपैकी कशासारखे आहे, याचा निवाडा झाल्याशिवाय १७८९ चा दाखला कोणाच्याच बाजूने पुरा होत नाही.

पाकीट आणि पत्र

विसाव्या शतकात अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने सीमेवरच्या अधिकारांची कक्षा रुंदावत नेली. १९७७ च्या रॅम्झी खटल्यात थायलंडहून टपालाने आलेली पाकिटे जकात अधिकाऱ्याने फोडली होती आणि त्यांत हेरॉइन निघाले होते. सीमेवरची झडती सीमेवर झाली एवढ्यावरूनच वाजवी ठरते, असे न्यायालयाने म्हटले. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा सांगितली जात नाही. पाकीट फोडण्याची मुभा असली, तरी आतील पत्र वॉरंटाशिवाय वाचण्यास त्या वेळच्या नियमांनी मनाई केलेली होती, आणि न्यायालयाने त्याची नोंद घेतली होती. पूड शोधा, अक्षरे वाचू नका, असा तो दंडक होता. लॅपटॉपच्या झडतीत पूड मिळण्याचा संभवच नसतो. तेथे असतात ती केवळ अक्षरे आणि चित्रे. म्हणजे १९७७ साली जे वर्ज्य होते, तेच आज झडतीचे सर्वस्व होऊन बसले आहे.

१९८५ मध्ये पोटात अमली पदार्थ दडवल्याचा संशय असलेल्या एका स्त्रीला तासन् तास अडकवून ठेवल्याचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. देहाची अप्रतिष्ठा होते तेथे निदान वाजवी संशय तरी हवा, असे न्यायालयाने मानले. २००४ मध्ये मोटारीची पेट्रोलची टाकी खोलण्याचा प्रश्न आला. त्यासाठी संशयाचीही गरज नाही, असे ठरले. टाकी खोलायला कारण नको आणि देहाला हात लावायला कारण हवे, अशी ही दोन टोके. मधल्या जागेत लॅपटॉप येऊन उभा राहिला.

२००५ मध्ये फिलिपीन्सहून लॉस एंजलिसला आलेल्या एका प्रवाशाचा लॅपटॉप तपासला गेला आणि त्यात बालकांची अश्लील चित्रे सापडली. जिल्हा न्यायाधीशांनी २००६ मध्ये निर्णय दिला की, असे यंत्र म्हणजे माणसाच्या स्मृतीचाच विस्तार आहे. संशयाशिवाय ते उघडता येणार नाही. २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. लॅपटॉपमध्ये कोणी राहू शकत नाही, तेव्हा त्याला घराची उपमा लागू पडत नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले. शब्दशः पाहिले तर हे खरे आहे. परंतु घराला कायद्याने संरक्षण दिले ते त्याच्या विटामातीसाठी दिले नव्हते. चार भिंतींच्या आत माणूस जे बोलतो, लिहितो, जपून ठेवतो, त्यासाठी ते संरक्षण होते. भिंती तिथेच राहिल्या आणि भिंतींच्या आतले सगळे खिशात येऊन बसले, तर कायद्याने भिंतींची राखण करीत बसायचे काय?

न्यायालये मात्र या प्रश्नावर एका सुरात बोललेली नाहीत. त्याच अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०१३ मध्ये ठरवले की, यंत्राची सखोल वैज्ञानिक तपासणी करायची तर वाजवी संशय हवा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रायली खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निर्णय दिला की, अटक केलेल्या माणसाचा मोबाईलसुद्धा वॉरंटाशिवाय पाहता येणार नाही. कारण संपूर्ण घराच्या झडतीतही जेवढे उघडे पडणार नाही, तेवढे या लहानशा यंत्रातून उघडे पडते. घराची उपमा अशा रीतीने सर्वोच्च न्यायालयातूनच परत आली. पण तो निर्णय सीमेला लागू होतो की नाही, हे त्या न्यायालयाने आजतागायत सांगितलेले नाही. २०१८ च्या एकाच मे महिन्यात दोन अपील न्यायालयांनी परस्परविरोधी निकाल दिले. २०१९ मध्ये बोस्टनच्या जिल्हा न्यायालयाने अकरा प्रवाशांच्या दाव्यात, ज्यांत वर उल्लेखिलेला अभियंताही होता, वाजवी संशय आवश्यक ठरवला. २०२१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल उलटवला आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर न्यूयॉर्कच्या दोन जिल्हा न्यायाधीशांनी, एकाने २०२३ मध्ये आणि दुसऱ्याने २०२४ मध्ये, मोबाईलसाठी सीमेवरही वॉरंटच हवे असे म्हटले. ओटिसने ज्या बोस्टनमध्ये खटला हरला, त्याच बोस्टनमध्ये त्याचे वारस पुन्हा एकदा हरले आहेत. निकाल बदलतात आणि नागरिक कोणत्या विमानतळावर उतरतो यावर त्याचे हक्क ठरतात. कायद्याच्या राज्याला हे भूषणावह नाही.

सुरक्षिततेचा दावा

सुरक्षिततेचा प्रश्न खोटा आहे, असे म्हणून त्याची वासलात लावणे आपल्याला शोभणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ ची मुंबई ज्यांनी पाहिली, त्यांना दहशतवाद म्हणजे काय हे कोणी शिकवण्याची गरज नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे बाळगणे आणि विकणे हा अघोर गुन्हा आहे, आणि या खटल्यांपैकी कित्येकांत तोच निघाला आहे. आपल्या सीमेतून काय आत येते हे पाहण्याचा प्रत्येक राष्ट्राला अधिकार आहे. वाद या अधिकाराविषयी नाही. कारण न सांगता, कोणालाही उत्तरदायी न होता तो वापरता यावा काय, याविषयी आहे.

ज्या खटल्यांत न्यायालयांनी संशयाची अट घातली, त्यांत काय झाले हे पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या खटल्यातील आरोपीवर पूर्वीचा गुन्हा नोंद होता, संशयाला कारण होते, पुरावा टिकला. २०१८ च्या एका खटल्यातील प्रवाशाच्या सामानात बंदुकीचे सुटे भाग सापडले होते. त्याच्या मोबाईलची तपासणी महिनाभर चालून सुमारे नऊशे पानांचा अहवाल तयार झाला. तेथेही न्यायालयाने संशय हवा असे म्हटले, तो होता असे मानले आणि शिक्षा कायम केली. न्यूयॉर्कच्या दोन्ही न्यायाधीशांनी वॉरंटाची अट घातली, तरी अधिकारी सद्भावनेने वागले या कारणास्तव पुरावा बाद केला नाही. याचा अर्थ उघड आहे. ज्याच्याविरुद्ध काही कारण आहे, तो या अटीमुळे सुटत नाही. या अटीमुळे सुटतो तो ज्याच्याविरुद्ध काहीही नाही असा माणूस. मग अट नको म्हणणाऱ्यांना नेमका कोण हवा आहे?

दुसरी गोष्ट यंत्राच्या स्वभावाची. हेरॉइन तारेतून येत नाही, ते सीमेवरूनच आणावे लागते. म्हणून ते सीमेवर अडवण्यात अर्थ आहे. मजकुराचे तसे नाही. ज्याला एखादे गुप्त पत्र किंवा चित्र देशात पाठवायचे आहे, तो ते घरबसल्या पाठवतो आणि मोकळ्या हातांनी विमानात बसतो. सराईत गुन्हेगार आणि मोठ्या कंपन्यांचे अधिकारी हे चांगले जाणतात. कोरे यंत्र घेऊन प्रवास करणे त्यांना परवडते. सापडतो तो विद्यार्थी, शिक्षक, पत्रकार, आजारी आईला भेटून परतणारा कामगार. साप निसटला आणि भुई धोपटणे चालू राहिले, असा हा सुरक्षिततेचा कारभार आहे.

कर नाही त्याला डर कशाला?

या प्रश्नावर मध्यमवर्गीय माणूस हमखास ही म्हण पुढे करतो. तिचे उत्तर दिलेच पाहिजे. लॅपटॉप एकट्याचा नसतो. वकिलाच्या यंत्रात त्याच्या अशिलाची बाजू असते, डॉक्टरच्या यंत्रात रोग्याचे दुखणे असते, पत्रकाराच्या यंत्रात विश्वासाने बोललेल्या माणसांची नावे असतात, आणि संघटनेच्या कार्यकर्त्याच्या यंत्रात सभासदांची यादी असते. झडती एकाची होते आणि उघडे पडतात शेकडो, ज्यांनी सीमा ओलांडलेलीही नसते.

शिवाय हा अधिकार केवळ गुन्हेगारांवर चालत नाही, याचे दाखले आहेत. इराकमधील अमेरिकन ताब्याविषयी चित्रपट काढणाऱ्या लॉरा पॉइट्रस या दिग्दर्शिकेला २००६ ते २०१२ या काळात पन्नासहून अधिक वेळा सीमेवर अडवण्यात आले. कारण शोधण्यासाठी तिला २०१५ मध्ये माहितीच्या कायद्याखाली दावा लावावा लागला. २०१० च्या नोव्हेंबरात, विकिलीक्स प्रकरणी अटकेत असलेल्या सैनिकाच्या बचावासाठी काम करणाऱ्या एका तरुण संशोधकाचा लॅपटॉप शिकागोच्या विमानतळावर जप्त झाला आणि ४९ दिवसांनी परत मिळाला. खटल्यानंतर २०१३ मध्ये सरकारला त्यातून घेतलेली माहिती नष्ट करण्याचे कबूल करावे लागले. आरोप काहीच नव्हता. ज्याचे घर झडतीसाठी उघडायला न्यायाधीशाची परवानगी मिळाली नसती, त्याला गाठण्यासाठी तो विमानातून उतरण्याची वाट पाहिली गेली, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

हा केवळ अमेरिकेचा रोग आहे, असेही नाही. १८ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर डेव्हिड मिरांडा यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली नऊ तास अडकवून त्यांची यंत्रे काढून घेण्यात आली. स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांवर लिहिणाऱ्या पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांचे ते जोडीदार होते. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ती अटकाव करण्याची कृती कायदेशीर ठरवली. मात्र पत्रकारांच्या सामग्रीला पुरेसे संरक्षण नसल्याने ते कलम मानवी हक्कांच्या करारनाम्याशी विसंगत आहे, असेही जाहीर केले. दहशतवाद्यासाठी घडवलेले हत्यार पत्रकाराच्या अंगावर येते, याला फार काळ लागत नाही.

आणि घेतलेली माहिती राहते कोठे? सिनेटर रॉन वायडन यांनी २०२२ मध्ये उघड केले की, प्रवाशांच्या मोबाईलमधून काढलेला साठा एका मध्यवर्ती संग्रहात पंधरा वर्षे ठेवला जातो आणि सुमारे २,७०० अधिकाऱ्यांना तो वॉरंटाशिवाय पाहता येतो. नाक्यावरची झडती नाक्यावर संपत नाही. प्रवासी घरी पोहोचतो आणि त्याची झडती पुढची पंधरा वर्षे चालू राहते.

परक्याला पर्याय नाही

या व्यवहारात विषमता आहे, ती आपण विशेष लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. अमेरिकन नागरिकाने परवलीचा शब्द नाकारला तर त्याचे यंत्र अडकून पडते, पण त्याला देशात प्रवेश नाकारता येत नाही. परदेशी माणसाला मात्र परतीच्या विमानात बसवता येते. त्याची संमती ही संमती नसते. सावकारापुढे अंगठा उठवणाऱ्या कुळाची जी संमती, तीच ही. २०२५ च्या मार्चमध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाला ह्यूस्टनहून परत पाठवण्यात आले. सरकारच्या संशोधनविषयक धोरणावर त्याने व्यक्त केलेली मते मोबाईलमध्ये सापडली म्हणून हे झाले, असे फ्रान्सच्या मंत्र्याने सांगितले. अमेरिकन खात्याने ते नाकारून गोपनीय माहिती बाळगल्याचे कारण दिले. खरे काय, हे ठरवणार कोण? कारण आधी नोंदवले जात नाही तेथे नंतर सांगितलेले प्रत्येक कारण सोयीचेच ठरते.

महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांशी या गोष्टीचा थेट संबंध आहे. पुण्या-मुंबईचीच नव्हे तर सांगली, जळगाव, अमरावतीची मुलेही कर्ज काढून अमेरिकेत शिकायला जातात. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकन परराष्ट्र खात्याने विद्यार्थी-व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवण्यास सांगितले. म्हणजे नाका आता विमानतळावरून उठून विद्यार्थ्याच्या घरात येऊन बसला आहे. शेतजमीन तारण ठेवून ज्याच्या शिक्षणाचे कर्ज काढले, तो मुलगा एखाद्या युद्धाविषयी, एखाद्या अन्यायाविषयी दोन शब्द लिहिताना शंभर वेळा विचार करील. त्याला कोणी गप्प बस म्हणणार नाही. तो आपणहून गप्प बसेल. दडपशाहीचा हा सर्वांत स्वस्त प्रकार आहे.

आपल्या अंगणात

परक्याच्या घरातील दोष दाखवून थांबणे सोपे असते. आपल्याकडे १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात प्रवाशाच्या अंगझडतीसाठी अधिकाऱ्याजवळ मानण्यास कारण असले पाहिजे, आणि प्रवाशाने मागणी केल्यास त्याला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेले पाहिजे, अशी तरतूद आहे. तेवढ्यापुरता आपला कायदा शहाणा आहे. पण तो लिहिला गेला तेव्हा सोन्याची बिस्किटे आणि घड्याळे शोधायची होती. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने झडतीच्या वेळी संगणकाचे आणि आभासी जागेचे कुलूप मोडण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला आहे. २०२३ च्या टपाल कायद्याने पत्रे अडवण्याचा अधिकार नव्याने कायम केला. १९८६ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या टपालविषयक विधेयकाला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी संमती दिली नव्हती, याची आज किती जणांना आठवण आहे?

यंत्र एकदा परक्या हाती गेले की त्यातून काय काढले गेले, एवढाच प्रश्न उरत नाही. त्यात काय घातले गेले, हाही प्रश्न उभा राहतो. पुण्यात नोंदलेल्या एल्गार परिषद प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये दूरवरून कागदपत्रे घुसवली गेली होती, असा अहवाल अमेरिकेतील एका न्यायवैद्यक संस्थेने २०२१ मध्ये दिला. तपासयंत्रणेला तो मान्य नाही. वाद न्यायालयाने मिटवायचा आहे. पण जप्तीच्या क्षणी यंत्राची मोहोरबंद नोंद कशी ठेवावी, याचा पक्का नियम असणे किती निकडीचे आहे, हे त्यावरून कळते.

आणीबाणीचा अनुभव घेतलेल्या पिढीला वेगळे सांगायला नको. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने नागरिकाला दाद मागण्याचे दारच बंद केले, न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. तो निकाल औपचारिकपणे रद्द व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. आणि तो ज्या निकालाने रद्द झाला, त्याच निकालाने नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की, खाजगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हे दोन्ही एकाच कागदावर यावे, हा योगायोग नाही. ज्या राज्याला माणसाच्या मनात डोकावण्याची मोकळीक असते, त्याला माणसाला कोंडून ठेवण्यास फार प्रयास पडत नाहीत. जयप्रकाशजींनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या नागरी स्वातंत्र्याच्या संघटनेनेच पुढे दूरध्वनी चोरून ऐकण्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, आणि १९९६ मध्ये त्यावर बंधने आणली, हेही विसरता कामा नये.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. कोणत्याही सीमेवर, कोणत्याही खात्याने, माणसाचे यंत्र उघडण्यापूर्वी संशयाचे कारण लेखी नोंदवावे. मजकूर वाचायचा किंवा नक्कल घ्यायची असेल तर न्यायाधीशाची परवानगी घ्यावी. जप्तीची पावती आणि मुदत असावी. गुन्हा न आढळल्यास घेतलेली प्रत नष्ट करून तसे कळवावे. नकार देणे हाच गुन्हा मानू नये. यातली एकही मागणी सीमारक्षकाचे हात बांधणारी नाही. बंदूक, विष, सोने, अमली पदार्थ शोधण्यास त्याला आजच्याइतकीच मोकळीक राहते. त्याने फक्त गोणी आणि घर यांतला भेद पाळायचा आहे, जो १७८९ सालच्या जकातदारालाही पाळावा लागत होता.

एका वर्षात सत्तेचाळीस हजार झडत्या ही मोठी गोष्ट नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना आपल्याकडच्या अनुभवी बायाबापड्यांचे शहाणपण सांगावे : म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. तो सोकावण्याच्या आत नाक्यावर उभे राहून कारण विचारणे, हे नागरिकाचे काम आहे. आणि नागरिक एकटा पडू नये, हे कार्यकर्त्याचे.